तोडलेल्या झाडांचे रान

रानात शिरताना माणसाने हळू बोलावे, असे आमच्या कोकणात लहानपणीच शिकवतात. रानाला कोणी तरी मालक असतो. कधी तो वाघ असतो, कधी वेताळ, कधी देवराईतला शेंदूर फासलेला नुसता दगड. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या रानाला कुंपण आहे, पाटी आहे, मोटारी उभ्या करायला जागा आहे. पण पाटी ओलांडून शंभर पावले आत गेल्यावर माझाही आवाज आपोआप खाली आला. मालक दिसत नव्हता. होता मात्र नक्की.

या रानाचे नाव ब्रॅडफील्ड वुड्स. बरी सेंट एडमंड्स या जुन्या गावापासून ते सहासात मैलांवर आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्या गावात राहते. परिचारिका म्हणून ती विशीत तिकडे गेली, तिथेच तिचा संसार झाला आणि तिथेच तिचे केस पिकले. भावोजींना जाऊन दीड वर्ष झाले होते. मुले आपापल्या पोटापाण्यामागे दूर पांगली आहेत. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे निघालो, तेव्हा चकल्यांचा डबा माझ्या हाती देत आई एवढेच म्हणाली, "तिला घेऊन ये." डबा मी पहिल्याच दिवशी अक्काच्या स्वाधीन केला. निरोप मात्र सहा दिवस खिशातच राहिला.

सातव्या दिवशी अक्का म्हणाली, "चल, तुला माझे रान दाखवते." तिने मला भावोजींचे गमबूट घालायला लावले. तिथली माती चिकण. पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो. अक्का त्या चिखलातून अशी सराईतपणे चालत होती, की भाताच्या खाचरात उतरलेली आमची आजीच मला आठवली.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. आपल्याकडे पानगळ होते ती उन्हाच्या तडाख्यात, सोसाट्याचा वारा सुटून. तिथली पानगळ ओली असते. वारा पडलेला असतो. एखादे पान देठापासून सुटते, गिरक्या घेत खाली येते आणि भिजलेल्या पानांवर अलगद टेकते. हेझल नावाच्या झुडपांची पाने हळदीसारखी पिवळी झाली होती. फील्ड मेपल सोन्यासारखा दिसत होता. ओक मात्र अजून हिरवट-तांबूसच होते. पाने सोडण्याची त्यांना घाई नसते. रातकिड्यांची किरकिर नाही, माकडांची हूप नाही. मधूनच एक रॉबिन गात होता. बहुतेक पक्षी या दिवसांत मुके असतात. हा पक्षी मात्र शरदातही गातो, आणि त्याचे गाणे कानाला जरा उदासच लागते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. झाडांविषयी मला जे कळते ते गुराख्यांकडून आणि शाळेच्या पुस्तकातून आलेले. तरी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. इथले बहुतेक झाड एका बुंध्याचे नव्हतेच. जमिनीलगत एक जाडजूड, शेवाळलेला खुंट आणि त्यातून सरळ वर गेलेले आठ-दहा सोट, असा सगळीकडे प्रकार. मी विचारले, तेव्हा अक्का म्हणाली, "ही सगळी तोडलेली झाडे आहेत. एकदा नव्हे, शेकडो वर्षे तोडत आलेली."

मग तिने मला त्या रानाचा कारभार समजावून सांगितला. मध्ययुगात हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाचे होते. 1252 सालापासून इथली झाडे एकाच रीतीने तोडली जात आहेत. रानाचे तुकडे पाडलेले असतात. दर हिवाळ्यात एखाददुसऱ्या तुकड्यातली झाडे जमिनीलगत तोडायची आणि खुंट तसेच ठेवायचे; वसंतात त्यांना धुमारे फुटतात. हेझलची पाळी आठ-दहा वर्षांनी पुन्हा येते, ॲशची वीस-पंचवीस वर्षांनी. मध्ये मध्ये ओक मात्र उंच वाढू देतात. घरांच्या तुळयांना ते लागत. हेझलच्या काठ्या कुडांना आणि छपराच्या गवताला, ॲशचे सोट दंताळ्यांच्या आणि अवजारांच्या दांड्यांना, उरलेले चुलीला. 1539 साली आठव्या हेन्री राजाने तो मठ बरखास्त केला. मठ पडला, पण कुऱ्हाडीची ही पाळी चुकली नाही.

यातले नवल पुढेच आहे. ॲशचे झाड न तोडता वाढू दिले, तर दोनशे-अडीचशे वर्षांत ते जीर्ण होते. तोडत राहिले, तर खुंट दर वेळी नव्याने फुटतो, रुंदावत जातो आणि मरण पुढे पुढे ढकलतो. या रानातल्या एका ॲशच्या खुंटाचा व्यास 18 फुटांच्या आसपास मोजलेला आहे, आणि त्याचे वय हजार वर्षांच्या घरात धरतात. आमच्याकडे राबाच्या कवळासाठी ऐनाच्या फांद्या दर वर्षी उतरवतात, आणि दर वर्षी तो बोडका ऐन पुन्हा हिरवा होतो, हे मी पाहिलेले होते. पण हजार वर्षे!

तोडलेल्या तुकड्यात ऊन जमिनीपर्यंत पोचते. वर्षा-दोन वर्षांत तिथे प्रिमरोझ आणि ॲनिमोन फुलतात, फुलपाखरे येतात. कोवळे धुमारे हरणांनी खाऊ नयेत म्हणून भोवती कुंपण घालावे लागते. 1960 नंतरच्या दशकात या रानाचा मोठा भाग शेतीसाठी मुळासकट उपटला गेला. मूळच गेले तिथे धुमारा कुठला? लोकांनी आवाज उठवला, आणि 1970 साली उरलेले रान निसर्गरक्षणासाठी विकत घेतले गेले.

"म्हणजे आता भीती नाही," मी म्हणालो.

अक्काने वर बोट दाखवले. काही ॲशचे शेंडे वाळून पांढरे पडले होते. पूर्व आशियातून आलेली एक बुरशी त्या झाडांना मारते आहे. 2012 साली ती ब्रिटनमध्ये आढळली. बहुतेक ॲश तिला बळी पडतील आणि थोडेच तगतील, असे जाणकार म्हणतात. "भीती कुठे नाही रे?" अक्का म्हणाली. "पण कुणी पाळी सोडलेली नाही."

आम्ही एका रुंद खुंटाजवळ थांबलो. तिने तळहात त्याच्या शेवाळावर ठेवला, आणि खिशातला निरोप मी तिथेच बाहेर काढला.

"अक्का, आई तुला बोलावते आहे. कायमची."

ती बराच वेळ बोलली नाही. कुठे तरी एक फेझंट कर्कश ओरडला आणि पुन्हा सारे शांत झाले.

"आई माझी आहे," ती म्हणाली. "पण तिकडे आले की दोन महिने मी पाहुणी असते, आणि तिसऱ्या महिन्यात अडचण. हे तुम्ही कुणी बोलत नाही, मलाच कळते. इथे आम्ही दोघे दर रविवारी येत होतो. ते गेले, आणि मी दर बुधवारी यायला लागले. काठ्यांच्या मोळ्या बांधते. इथे मी नाही आले तर कुणी तरी विचारते, की आज ती का नाही आली."

मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "मे महिन्यात येईन. आंब्याला. पण परतीचे तिकीट काढूनच येईन. आईला हेही सांग, लपवू नकोस."

मला वाद घालता आला असता. वर्गात मी रोज घालतो. पण त्या खुंटावरचा तिचा हात पाहिला, आणि शब्द ओठांवर आले नाहीत. निघताना तिने हेझलच्या काठ्यांची एक मोळी विकत घेऊन मोटारीत टाकली. पुढच्या उन्हाळ्यात परसातल्या घेवड्याचे वेल चढवायला तिला त्या हव्या होत्या. पुढच्या उन्हाळ्याची तजवीज करणाऱ्या माणसाला काय समजवायचे?

घरी आल्यावर मी आईला सारे सांगितले. रानाचे, खुंटाचे आणि परतीच्या तिकिटाचेही. आई थोडा वेळ जपमाळ हातात धरून नुसती बसली.

मग म्हणाली, "मेपर्यंत मागची खोली दुरुस्त करून घे. भिंतीला ओल आली आहे. तिला ओल सोसत नाही."