कणसाला मानवणारी हवा

बदली होऊन नव्या गावी गेलेल्या सरकारी नोकराला आप्तेष्ट तीन प्रश्न हमखास विचारतात. घर कसे मिळाले, मुलांच्या शाळेचे काय झाले आणि हवा कशी आहे? बंगळूरला आलेल्या माणसाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना घसा साफ करावा लागतो; तिसऱ्याचे उत्तर मात्र तो मोठ्या आवाजात देतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची हवा आमच्या कुटुंबातील सर्वांना मानवली. पण कुणाला सर्वांत आधी मानवली असे कुणी विचारले, तर मला माझ्या चार पाइपांचे नाव घ्यावे लागेल. हे पाइप मक्याच्या कणसाचे आहेत.

दाणे काढून घेतलेल्या कणसाचा जो गाभा आपल्याकडे चुलीत जातो, तोच पोखरून हा पाइप करतात. अमेरिकेतील मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. राजधानीचे वॉशिंग्टन ते हे नव्हे. तेथे हेन्री टिबी नावाचा हॉलंडहून आलेला एक लाकूडकातारी राहत असे. एका शेतकऱ्याने हाताने कोरलेला कणसाचा पाइप त्याच्याकडे आणला आणि चरकावर तसेच आणखी काही करून मागितले, अशी कथा सांगतात. १८६९ साली सुरू झालेला तो धंदा अद्याप चालू आहे. कणसाची खडबडीत बाहेरची बाजू प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून गुळगुळीत करण्याच्या युक्तीचे पेटंट टिबीने १८७८ साली घेतले. या पाइपांसाठी जाड गाभ्याचा मका मुद्दाम पिकवतात आणि कणसे दोन-दोन वर्षे वाळवून मगच कामाला घेतात. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागत जपानच्या भूमीवर विमानातून उतरताना जनरल मॅकार्थर यांच्या तोंडात जो पाइप छायाचित्रात दिसतो, तो याच जातीचा. एवढा मानमरातब लाभूनही याची किंमत आजही दहा-पंधरा डॉलरांच्या घरातच आहे. ब्रायरच्या लाकडाचे पाइप ओढणारे शौकीन याच्याकडे जरा वरूनच पाहतात.

परंतु निगा राखण्याच्या बाबतीत हा स्वस्त पाइप भारी पाइपांहून मानी आहे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी चिलीम ओढीत. ती कुंभाराकडची मातीची असे. तिच्यात एक खडा आणि तोंडाशी धरायला ओली छापी, एवढाच तिचा संसार. चिलीम फार काजळली की आजोबा ती चुलीतल्या निखाऱ्यांत सारून देत. सकाळी राखेतून काढावी, तो नव्यासारखी लाल. गुडगुडीच्या पात्रातले कीट पाण्याने खळबळून काढता येते. म्हणजे मातीला अग्नी चालतो, पितळेला पाणी चालते. कणसाला दोन्ही वर्ज्य. अग्नीत ते जळते हे सांगायला नकोच. पण पाण्याने ते फुगते, त्याचे सांधे सुटतात आणि वाळले तरी पूर्वीच्या आकारावर येत नाही. आमच्या एका पाहुण्यांनी माझ्यावर उपकार करावा म्हणून माझा पाचवा पाइप साबण लावून नळाखाली धुतला होता. म्हणून तर आता चार आहेत! पंचमहाभूतांपैकी कणसाला खरी मानवते ती एक हवा.

तेव्हा याची निगा म्हणजे मुख्यतः कोरडे ठेवण्याची विद्या. ओढून झाल्यावर पाइप हातात गार होऊ द्यावा. गरम असताना मुखनळी उपसली तर दांडा सैल होतो. मग तळाशी उरलेली ओली तंबाखू टोकरून काढावी आणि लोकरीने गुंडाळलेली बारीक तार नळीतून आरपार फिरवावी. पहिली तार काळी निघते, दुसरी तपकिरी, तिसरी पिवळसर. चौथी पांढरी निघाली की थांबावे. महिन्या-दोन महिन्यांनी तारेला स्पिरिटचा किंवा रमचा ओलसर हात लावावा, पण टिपका गळेल इतका नव्हे. वाटीच्या आत काजळीचा थर धरतो तो सगळा खरवडू नये. पातळ थर कणसाला विस्तवापासून वाचवतो. तो नाण्याहून जाड झाला म्हणजे बोथट चाकूने हलक्या हाताने उतरवावा. वाटीच्या तळाशी लाकडी दांड्याचे टोक आत डोकावत असते, त्याला चाकू लागू देऊ नये. तळ फार पातळ होऊन तापू लागला, तर राख पाण्यात कालवून तिचा गिलावा आतून द्यावा आणि तीन-चार दिवस वाळू द्यावा. जी तंबाखू जळून गेली तिचीच राख कणसाला जळण्यापासून राखते.

एवढे सारे केल्यावर शेवटचे आणि सर्वांत मोठे काम उरते, ते म्हणजे काहीही न करणे. ओढलेल्या पाइपला निदान एक दिवस विश्रांती द्यावीच लागते. एक दिवस काम आणि पुढे तीन दिवस रजा, तीही अर्ज न करता, असा माझ्या पाइपांचा नियम होता. इतकी उदार सेवानियमावली मला माझ्या साऱ्या नोकरीत कुठल्याच खात्यात आढळली नाही. कलकत्त्याला असताना पावसाळ्यात ही रजाही पुरत नसे. चार दिवसांनीही कणीस हाताला दमट लागे आणि त्याला पेटीत ठेवलेल्या जुन्या कागदांचा वास येई. बंगळूरला आल्यावर पहिल्याच जानेवारीत खिडकीच्या कट्ट्यावर रात्री उभे केलेले पाइप सकाळी खडखडीत कोरडे झालेले पाहिले, तेव्हा ही बदली आपल्याला लाभणार अशी माझी खात्री पटली.

तंबाखू या मुलुखाला नवी नाही. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी आला होता, तेव्हा त्याने ती प्रथम पाहिली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी रत्नजडित हुक्क्यासह आग्र्याला नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. शाही हकिमाने लगेच हरकत घेतली. ज्या वस्तूविषयी आपल्या ग्रंथांत काही नाही ती बादशहांना कशी द्यावी, असा त्याचा रोख होता. असद बेगने पुष्कळ वाद घातला, पण अकबराने पुन्हा हुक्का हाती घेतला नाही. दरबारी मंडळींनी मात्र तो सोडला नाही. पुढे १६१७ साली जहांगीरने काढलेल्या मनाई हुकमाचाही काही उपयोग झाला नाही. ही हकिगत वाचताना मी पूर्वी नेहमी असद बेगच्या बाजूने असे. गेल्या वर्षापासून मी हकिमाच्या बाजूला गेलो आहे.

गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांना माझ्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरट चट्टा दिसला. त्याचा कण काढून तपासणीला पाठवला आणि अहवालाला आठ दिवस लागतील असे सांगितले. पाइपचा धूर छातीत ओढीत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, अशी एक समजूत आहे. पण तोच धूर तोंडात अधिक वेळ घोळवला जातो, आणि तोंडाचा, घशाचा व फुप्फुसाचा कर्करोग पाइपवाल्यांनाही होतो, हे डॉक्टरांनी आवाज न चढवता समजावून दिले. घरी मी फक्त चट्टा सांगितला. सौभाग्यवतींनी काही विचारले नाही, पण त्या आठवड्यात माझ्या जेवणाच्या वेळी त्या समोर बसून राहत.

ते आठ दिवस मी रोज संध्याकाळी चारही पाइप साफ करीत बसलो. एकही पेटवला नाही. सगळ्या तारा पांढऱ्या निघू लागल्या तरी मी फिरवीतच होतो. त्या वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भरणे, दाबणे, टोकरणे, पुसणे, वाळवणे यांतच माझी बहुतेक संध्याकाळ जात असे. प्रत्यक्ष धूर फार थोडा असे. कचेरीतली धग घरी येईपर्यंत निवावी, हातांना सहीखेरीज दुसरे काही काम असावे, एवढ्यासाठी मी या छंदाशी बांधलेला होतो. अहवाल चांगला आला. चट्ट्यावर नजर ठेवा आणि तंबाखू बंद करा, असे सांगण्यात आले. तंबाखू त्याच दिवशी बंद झाली. आठवड्यातून एकदा पाइप पुसणे चालू आहे. धूर नाही, तरी शनिवारची संध्याकाळ पूर्वीसारखीच शांत जाते.

आमच्या कचेरीत दावणगेरे जिल्ह्यातला एक तरुण सहकारी आहे. त्याच्या वडिलांचे मक्याचे शेत आहे. एका शनिवारी तो घरी आला असता ही माझी आराधना त्याने पाहिली आणि प्रथम मनसोक्त हसला. सातासमुद्रांपलीकडचे कणीस डॉलर देऊन आणायचे, आणि त्याच्या गावी कणसांचे ढीग न्हाणीघराच्या चुलीत जायचे! मग मात्र तो बारकाईने पाहू लागला. तार कशी फिरवायची, काजळी किती ठेवायची, सारे त्याने विचारून घेतले, आणि निघताना चारांपैकी एक पाइप मागितला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाला मी आजवर पुस्तके दिली, छत्री दिली, एकदा हिवाळ्यात कोटही दिला. पाइप दिला नाही. रिकामा पाइप फार दिवस रिकामा राहत नाही, हे मी त्याला सांगितले. त्या आठ दिवसांविषयीही सांगितले, जे मी कचेरीत कुणाला सांगितले नव्हते. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मग यांचे शेवटी करणार काय?"

प्रश्न रास्त होता. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन आणि गावच्या घरी जाईन. तेथे अंगणात तांब्याचा बंब अजून आहे. कणसाला जी वाट त्याच्या वडिलांच्या घरी, तीच माझ्याही. एखाद्या थंडीच्या सकाळी चारही पाइप बंबात घालीन आणि त्या पाण्याने स्नान करीन, असे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले, कारण ते त्याच्या घरच्या रिवाजाला धरून होते. तोपर्यंत मात्र ते खिडकीच्या कट्ट्यावर राहतील. इतकी वर्षे त्यांनी धूर खाल्ला. आता दोन वर्षे बंगळूरची हवा खाऊ देत.