पाचवी तार

पवित्र मिस्सेच्या वेळी गीताची चाल प्रत्येक भाविकाच्या कानी पडते. त्या चालीला खालून आधार देणारा खर्ज मात्र सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. तो थांबला की गाणे पोरके वाटू लागते, एवढेच. मोठ्या चर्चमध्ये हा आधार ऑर्गनच्या लांब नळ्या देत आल्या आहेत. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा असतो. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याचबरोबर पवित्र उपासनेला साजतील अशा इतर वाद्यांनाही, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडले. ज्या धर्मग्रामांना ऑर्गन परवडणारा नव्हता, तेथे त्याच्या खर्जाचे काम पुढे बेस गिटारने पत्करले.

हे वाद्य तसे वयाने लहान. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या त्यांच्या बेस गिटारने ते जगभर पोहोचले. तारा चार, सर्वांत खालच्या तारेची कंपने ४१. आता, भक्तिगीताची पट्टी वाद्याकडे पाहून ठरत नाही. ती जमलेल्या आबालवृद्धांच्या गळ्याकडे पाहून ठरते. चाल 'डी' वा 'सी' पट्टीत बसवली की तिचा मूळ खर्ज चार तारांत सापडत नाही, तो एक सप्तक वर चढून वाजवावा लागतो. पाचवी तार ही उणीव भरून काढते. तिची कंपने सुमारे ३१, म्हणजे ऑर्गनच्या त्या नळीहूनही किंचित खाली.

आमच्या धर्मग्रामातील परदेशस्थ कुटुंबाने गायकवृंदाला असे पाच-तारी वाद्य भेट दिले, तेव्हा सर्वांना आनंद झाला. आधीचा वादक आखातात नोकरीला गेल्यापासून चार-तारी बेस एक अकरावीतली मुलगी मनापासून वाजवीत होती. नवे वाद्य ओघानेच तिच्या हाती आले. दोन महिन्यांत तिचे मनगट दुखू लागले. तालमीनंतर ती हात पदराआड लपवणाऱ्या आजीसारखी ओढणीत गुंडाळून बसे. एके दिवशी ती आम्हांला म्हणाली, "फादर, हे एखाद्या मुलाला द्या. माझा हात लहान आहे." गायकवृंदातील दोन-तीन वडीलधाऱ्यांचेही मत तेच पडले.

त्या मताशी आमचे मन जुळेना. हात लहान हे खरे. पण म्हणून वाद्यच मोठे असले पाहिजे, असे कुठे ठरले आहे? आम्ही पोलादी पट्टी घेतली. तारा ज्या खाचांतून दांडीवर उतरतात त्या पट्टीला नट म्हणतात (रंगभूमीवरचा नव्हे!). तेथे दांडीची रुंदी भरली ४८ मिलिमीटर. फेंडर यांच्याच १९६० सालच्या जाझ बेसची चार-तारी दांडी तेथे अवघी ३८ मिलिमीटर असते. खर्जाची तार सर्वांत वर, तळहातापासून सर्वांत दूर. तिथवर बोटे पोहोचविण्यासाठी लहान हाताला मनगट मोडावे लागते. दुखण्याचे मूळ तेथे होते.

आखूड लांबीचे वाद्य घ्यावे, असे एकाने सुचविले. परंतु तार आखूड झाली की ताण कमी होतो आणि खर्ज ढिला, धुरकट वाजतो. लांबी चौतीस इंचच हवी, रुंदी तेवढी कमी हवी. मुलगी, तिची आई आणि गायकवृंदाचे मास्तर यांच्यासह आम्ही लोकलने मरीन लाइन्स गाठले आणि धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांतून फिरलो. पट्टी पाहून एका विक्रेत्याला हसू आवरेना. "फादर, लाकूड मोजता की स्वर?" "आधी हात मोजतो," आम्ही म्हणालो.

अखेर एक वापरलेले आयबानेझ सापडले. नटापाशी ४५ मिलिमीटर, आणि दांडी पाठीमागून पातळ. तीन मिलिमीटर म्हणजे किती? रुपयाच्या दोन नाण्यांच्या जाडीएवढेच. पण मुलीने डावा हात फिरविला आणि अंगठा दांडीमागे सरळ उभा राहिला. तिच्या आईने ते आमच्याआधी पाहिले.

अरुंद दांडीची किंमतही असते. तारा घोडीपाशी जवळ येतात. उजव्या हाताची बोटे शेजारच्या तारेला लागतात. ते सावरण्यात तिचा सबंध उपवासकाळ गेला. डबल बास वाजविणाऱ्यांप्रमाणे खालच्या पडद्यांवर पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरण्याची रीत मास्तरांनी तिला शिकविली, तेव्हा ताण आणखी हलका झाला.

तेहेतिसाव्या स्तोत्रात दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे. त्या वाद्याची दांडी किती रुंद होती, हे स्तोत्रकार सांगत नाही. स्तुती करा, एवढेच सांगतो. दानधर्म करताना आपण बहुधा आपल्या मापाने देतो आणि घेणाऱ्याने त्यात बसावे अशी अपेक्षा धरतो. बसला नाही तर त्याची कुवत कमी, असे म्हणून मोकळे होतो. देणगी उदार होती, यात शंका नाही. तिला फक्त योग्य हात मिळायचा होता.

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत, दोन दिवसांच्या मौनानंतर, महिमास्तोत्राला घंटा आणि वाद्ये पुन्हा बोलू लागली. खर्ज ठाम होता. भेट मिळालेले रुंद वाद्य आता कोळीवाड्यातील एक उंच मुलगा शिकतो आहे. जाळी ओढून राठ झालेल्या त्याच्या पंजात ती दांडी अगदी बेताची दिसते. दर शनिवारी त्याला धडा देते ती तीच मुलगी.