केवलादेवच्या बांधावरून

भरतपूरचे केवलादेव उद्यान पायी पाहावे, आणि तेही सावकाश. सायकलरिक्षा दाराशीच मिळतात, त्यांचे चालक पक्ष्यांचे चांगले जाणकारही असतात; तरी गेल्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी चालणेच पसंत केले. बहुतेक साहित्याचे अध्यापक, निरनिराळ्या भाषांचे, आणि साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. अशा मंडळींचा वेग बेताचाच. त्यात दर वळणावर कोणी ना कोणी थांबणार. पक्षी पाहण्यास हा वेग फार उपकारक असतो.

आरंभीची वाट कोरड्या रानातून जाते. बाभूळ, शमी, पीलू, मधूनच कळंब. या झाडीमुळेच स्थानिक लोक उद्यानाला ‘घना’ म्हणतात. गवतातून नीलगाय मान वर करून पाहते आणि पुन्हा चरू लागते. मग झाडी विरळ होते आणि दोन्ही बाजूंना उथळ पाणी पसरते. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची दाटी. मोठी झालेली पिले अजून घरटी सोडायला राजी नाहीत. कडेला वारकऱ्यांचे थवे. काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या या पाणपक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ म्हणतात हे सांगताच हिंदी आणि बंगाली मित्रांना पंढरीची वाटही समजावून सांगावी लागली. त्यात अर्धा तास गेला. तो वाया गेला असे मला वाटत नाही.

पुढे बांधावर पाणी सोडण्याचे लोखंडी दार दिसले, आणि चर्चेचा सूर पालटला. हे पाणथळ निसर्गदत्त नाही. अठराव्या शतकात राजा सूरजमलाने, पानिपतानंतर परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने आश्रय दिला त्यानेच, अजान बांध घातला. पुढे त्या पाण्यावर संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी हे तलाव आणि बांध आखले. ज्या वाटांवरून आपण पक्षी न्याहाळतो त्यांवर एके काळी बंदुका उभ्या असत. केवलादेवाच्या मंदिराजवळ शिकारींची नोंद दगडावर कोरून ठेवली आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्या शिलालेखात एकही विशेषण नाही. इतके निर्विकार गद्य मी क्वचितच वाचले असेल.

आपल्या समीक्षेत ‘निसर्गवर्णन’ नावाचा एक कप्पा असतो आणि त्यात माणसाला सहसा प्रवेश नसतो. असाच कप्पा येथे प्रत्यक्षात करून पाहिला गेला. १९८२ साली, राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतर, गावकऱ्यांच्या म्हशींना येथे बंदी करण्यात आली. सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचाही कौल चराई थांबवण्याच्या बाजूने होता. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, काही जण प्राणाला मुकले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून उलटे सत्य हाती आले: म्हशी पाण्यातले गवत खात, म्हणून पाणी मोकळे राहत असे; त्या गेल्या आणि गवताने तलाव गिळायला आरंभ केला. म्हैस त्या संहितेचा भाग होती. ती प्रक्षिप्त समजून खोडली गेली. मेलेल्या माणसांची नावे कोरलेला दगड मात्र आम्हांला वाटेत कोठे दिसला नाही.

सायबेरियातून येणाऱ्या शुभ्र क्रौंचांची शेवटची जोडी येथे २००१-०२ च्या हिवाळ्यात उतरली. त्यांच्या न येण्याचे कारण केवळ येथले नाही. मार्गावरच्या शिकारीचा आणि आटत्या पाणथळांचा त्यात मोठा वाटा आहे. पाण्याचीही आता ओढाताणच असते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यापासून जुना ओघ भरवशाचा राहिला नाही. गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या नळातून आणलेल्या पाण्याने तलाव भरावे लागतात.

परतताना उन्हे उतरली होती. दूर सारसांची जोडी उथळ पाण्यात चरत होती. वाल्मीकीचा क्रौंच म्हणजे हाच सारस असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यावर आमच्यातील संस्कृतच्या दोन अध्यापकांचा वाद जुंपला. जोडी आपल्या चालीने पुढे सरकत होती. बांधाच्या खालच्या बाजूने गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या काही बायका निघाल्या होत्या. त्यांना वाट देण्यासाठी आम्ही कडेला झालो, आणि वाद तेवढ्यापुरता थांबला.