राष्ट्राध्यक्षांना ‘गुरुजी’ म्हणणारा देश



टांझानिया म्हटलं की मुलांना किलिमांजारो आठवतो, नाहीतर सिंह. आपण शिक्षकांनी मात्र हा देश वेगळ्या कारणासाठी माहीत करून घ्यायला हवा. त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मुळात शाळेत शिकवणारे. लोक त्यांना शेवटपर्यंत ‘म्वालिमू’ म्हणत. म्वालिमू म्हणजे गुरुजी! एवढ्या मोठ्या पदावरही हेच संबोधन टिकलं, हे वाचून मला तर फार बरं वाटलं.

हा मुलूख आधी जर्मनांकडे होता, पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांकडे गेला. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये झांझिबारशी जोडला जाऊन टांझानिया बनला. देशात १२० हून जास्त भाषा. आता कारभार आणि शाळा कुठल्या भाषेत चालवायच्या? इंग्रजी ठेवली तर शेतकरी बाहेर राहणार. एका मोठ्या जमातीची भाषा घेतली तर बाकीच्या दुखावणार. स्वाहिली ही किनाऱ्यावरची, व्यापारासोबत आत पसरलेली भाषा होती आणि कुठल्याच बलाढ्य जमातीचा तिच्यावर शिक्का नव्हता. १९६७ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांचं माध्यम स्वाहिली झालं. न्येरेरेंनी स्वतः शेक्सपिअरची ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ ही नाटकं स्वाहिलीत आणली. देश चालवता चालवता हे केलं बरं का!

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एकाच पक्षाची सत्ता होती. १९७० च्या दशकात लाखो लोकांना नव्या सामूहिक गावांत हलवलं, अनेकांना जबरदस्तीने, आणि शेतीचे हाल झाले. शाळेत स्वाहिली आली तेव्हा छोट्या भाषांना वर्गाचं दार बंद झालं, हेही खरं. आपल्याकडे कोरकू किंवा भिली बोलणारं लेकरू पहिलीत प्रमाण मराठी ऐकून गप्प बसतं, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. तरीही वेगवेगळ्या जमातींची माणसं आपापसात एका भाषेत बोलू लागली आणि स्वतःला टांझानियन म्हणू लागली, यात शाळेचा वाटा मोठा आहे.

पण खरी मेख पुढे आहे. प्राथमिकची सात वर्षं स्वाहिलीत झाली की माध्यमिक शाळेत बहुतेक सगळे विषय एकदम इंग्रजीत! शिक्षक समजावतात स्वाहिलीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत, मुलं ते उतरवून पाठ करतात. माध्यमिकलाही स्वाहिली न्यावी अशी शिफारस १९८२ मध्ये अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने केली होती. सरकारने ती अमलात आणली नाही. १९९० च्या दशकापासून खाजगी इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळा वाढल्या. ज्यांना फी परवडते ते तिकडे गेले. म्हणजे गोरे साहेब गेले, पण मुलांची विभागणी करणारी भिंत तशीच राहिली, फक्त आता ती पैशाची झाली.

ओळखीचं वाटतंय ना? आमच्या पालकसभेत दरवर्षी एकच प्रश्न येतो, “बाई, सेमी कधी सुरू करणार?” त्या पालकांना मी अजिबात हसत नाही. नोकरी कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी एवढंच विचारते, तुमचं लेकरू विज्ञानाच्या तासाला शंका कुठल्या भाषेत विचारेल? इंग्रजी भाषा म्हणून पहिलीपासून कसून शिकवू, गाणी, गप्पा, गोष्टी सगळं घेऊ. पण अपूर्णांक कळायच्या आत ‘न्यूमरेटर’ पाठ करायला लावायला माझा विरोध आहे. काही पालकांना हे पटतं, काही मूल काढून दुसरीकडे घालतात.

पाचवीला आफ्रिकेचा नकाशा दाखवाल तेव्हा हे स्वाहिली शब्द फळ्यावर लिहून बघा: किताबू, कलामू, दुका, गारी, चाय, चपाती. अर्थ मुलं स्वतःच ओरडून सांगतात. मग विचारा, हे शब्द समुद्र ओलांडून कसे गेले असतील? शेवटी ‘शुले’ लिहा. शुले म्हणजे शाळा, आणि हा शब्द जर्मनांकडून आलेला. तो त्यांनी का ठेवून घेतला असेल, यावर आमच्या वर्गात अख्खा तास वाद चालला.