ढोलीतले शेजारी

पक्ष्यांच्या पुस्तकातला नकाशा पाहिला, तर पिंगळ्याचा मुलूख दक्षिण इराणपासून थेट व्हिएतनामपर्यंत पसरलेला दिसतो. मला मात्र तो भेटला लोणी काळभोरला, ओढ्याकाठच्या चिंचेत. दिवेलागणीला आजी म्हणायची, "आले बघ तुझे पाव्हणे." ढोलीतून आधी एक डोकं वर यायचं, मग दुसरं. जेमतेम वीतभर पाखरू, राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द. आमच्यावर नजर रोखून ते मान खाली-वर करायचं आणि एकदम चिरचिराट सुरू. गावात कुणी घुबडाला अशुभ म्हटलं की आजी चिडायची. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा जोशी त्याच पाखराची बोली ऐकून भविष्य सांगतो, मग ते अशुभ कसं?

चिंचेखाली करड्या, केसाळ गोळ्या पडलेल्या असायच्या. काडीने उकलल्या की आत उंदरांची सुईसारखी हाडं आणि भुंग्यांची चकचकीत कवचं. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात उंदीर माजले आणि पिंगळ्याचं पोट भरलं. घर मात्र त्याला स्वतः कोरता येत नाही. जुनं झाड, पडका वाडा, भिंतीतलं भगदाड, जे आयतं मिळेल तिथे तो राहतो.

त्याचा भाऊबंद रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा ठावठिकाणा नव्हता. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. ती बातमी वाचल्यापासून तो डोक्यात होता. पुढे मेळघाटात, भर उन्हात, सागाच्या उघड्या फांदीवर तो पाहिला. भरीव डोकं, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, शेपटीवर जाड पट्टे. रान तुटलं की तो संपला, हे सगळ्यांना पटतं. त्याच्यासाठी अभ्यासक झटतात आणि झटायलाच हवं.

आमच्या पिंगळ्याची गणना 'सर्रास आढळणारा' अशी, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण सोलापूर रस्ता रुंदावला, वाडे पाडून इमारती आल्या. नव्या भिंतींना भगदाडं नसतात. एवढा मोठा मुलूख शेवटी ढोल्यांचाच बनलेला आहे, आणि एक झाड तोडलं की एक बिऱ्हाड उठतं.

आमच्या सोसायटीच्या आवारात वठलेला आंबा आहे. तो काढायचा ठराव आला तेव्हा मी उभी राहून बोलले. धोकादायक फांद्या छाटल्या, खोड राहिलं. त्यात सध्या जोडी आहे. उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकू नका, हे पुढच्या सभेत मांडणार आहे.