काळ्या लोकरीचे मोल

खासबाग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान उभे राहते. आमची खासबाग बेळगावची; येथे शड्डूचा नव्हे, मागाचा आवाज घुमतो. शहापूर, वडगाव आणि खासबाग ही पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणणाऱ्यांची वस्ती, त्यामुळे धाग्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेतो. मात्र आजचा विषय रेशीम किंवा सूत नव्हे. ज्या धाग्याला हल्ली कोणी विचारीत नाही, ती काळी, खरखरीत लोकर आणि ती अंगावर वागविणारी दख्खनी मेंढी, यांविषयी लिहावयाचे आहे.

भाताची कापणी आटोपली की आमच्या वडगावच्या शिवारात पूर्वेकडील कोरड्या मुलखातून कळप उतरतात. बरोबरची माणसे मराठीत धनगर, कानडीत कुरुब; दोन्ही भाषा त्यांच्या जिभेवर सारख्याच खेळतात. 1956 साली प्रांतांच्या रेषा बदलल्या, तरी त्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. रात्री शेतात वाघर लावून मेंढ्या बसवावयाच्या, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि शेतकऱ्याने त्याबद्दल धान्य वा रोकड द्यावयाची, हा व्यवहार फार जुना आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी कळप पुन्हा पूर्वेकडे वळतात, कारण चिखलात मेंढीचे खूर सडतात.

दख्खनी मेंढी दिसावयास सामान्य: मध्यम अंगाची, बहुधा काळी, लोंबत्या कानांची, बाकदार नाकाची. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानतात. शेजारी बल्लारी आहे, रायचूरकडची तांबूस केंगुरी आहे, आणि जत तालुक्यातील उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची माडग्याळही आहे. दख्खनीची थोरवी रूपात नसून सोशिकपणात आहे. कोसच्या कोस चालावे, धसकटे आणि वाळले गवत खावे, उन्हातान्हात तग धरावा, हे तिने शतकानुशतके केले.

लोकर मात्र थोडी. दोन कातरणी मिळून वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती मऊ नाही. पण तिच्याच सुताला चिंचोक्याची खळ देऊन सणगर घोंगडी विणतात, आणि त्या घोंगडीची खोळ पावसात माणसाला कोरडे ठेवते. कोकराचे पहिले जावळ तेवढे मऊ असते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. जे जीवन चालविते तेच देवाला वाहण्याची ही रीत आहे.

ही मेंढी सुधारण्याचे प्रयत्न झाले. तलम लोकरीसाठी मेरिनो आणि रॅम्बुलेट जातींशी संकर करून पाहिला. परंतु ती संतती भटकंतीच्या जिण्यात फारशी रुळली नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निराळी वाट धरली. सुंदरबनातील इवल्याशा गरोळ मेंढीला सर्रास जुळी होतात; तिचे ते जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडविली. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनोमध्ये सापडलेले जनुकही हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बंगालची मेंढी नेली गेली होती. परक्या देशाचे वैभव पुष्कळदा आपल्याच अंगणातून गेलेले असते.

पण हे सारे मांसासाठी झाले. लोकरीचा प्रश्न तसाच राहिला. गेल्या हंगामात आमच्या शेतात कळप बसविणाऱ्या वृद्ध मामांना आम्ही कातरलेल्या लोकरीविषयी विचारले. ते म्हणाले, “घेतंय कोण मालक? कातरायची मजुरीबी निघंना. ओढ्याकाठी टाकून आलो.” त्यांच्या मुलाने माडग्याळचा मेंढा आणावयाचे ठरविले आहे. त्याची कोकरे लवकर वाढतात, बाजारात चांगला भाव मिळतो. मामांना ते पटत नाही. “जड बकरं लांब चालंना,” एवढेच ते म्हणाले.

बापलेकांपैकी चुकले कोण? मुलाच्या पदरी लेकरे आहेत, शाळेची फी आहे. जुन्या जातीच्या कौतुकावर त्याने संसार चालवावा असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण मामांचेही खोटे नव्हे. एकदा कळपातून काळा मेंढा गेला की त्याच्याबरोबर शेकडो वर्षांची परीक्षा उत्तीर्ण झालेले रक्त जाते, आणि ते पुन्हा विकत मिळत नाही. आपल्याकडे माग आहेत, विणणारे हात आहेत, ओढ्याकाठी पडलेली लोकरही आहे. गाठ पडत नाही ती गिऱ्हाइकाची.

तूर्त मामांनी मुलाशी तडजोड केली आहे: नवा मेंढा यावा, पण एक काळा मेंढा कळपात राहावा. यंदा आम्ही दोन घोंगड्यांचे पैसे आगाऊ देऊन त्यांच्याच लोकरीच्या विणावयास सांगितल्या आहेत. दोन घोंगड्यांनी जात वाचत नाही, हे आम्ही जाणतो. तरी वाचकहो, प्रत्येक घराने एक घेतली, तर त्या काळ्या मेंढ्याच्या चाऱ्याचा प्रश्न तेवढा सुटेल.