फोन उलटा धर

बीएमएक्स सायकलीचं चाक वीस इंचांचं. सीट असते, पण नावापुरती. स्वार बहुतेक वेळ पेडलवर उभाच. 1970च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मोटोक्रॉसची नक्कल करत असल्या छोट्या सायकली मातीत पिटाळल्या आणि हा खेळ जन्माला आला. 2008 साली बीजिंगला त्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये गेली, पुढे टोकियोत कसरतींचा प्रकारही गेला. रस्त्यावरचं बीएमएक्स मात्र रस्त्यावरच राहिलं, आणि मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं. त्याला पायऱ्या लागतात, कठडे लागतात, कुणीतरी भलत्याच कामासाठी बांधलेला एखादा कट्टा लागतो.

चेन्नईच्या अंबत्तूर भागातल्या ओरगडममध्ये असे कट्टे पावलोपावली आहेत. सायकल या भागाला नवी नाही. 1949 साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सचा कारखाना अंबत्तूरचाच. आपल्याकडे खेडोपाडी ज्या हर्क्युलिसवर दुधाच्या किटल्या लटकल्या, त्या सायकली याच कंपनीच्या. आणि इथल्या गल्ल्या! दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर चढतो, पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून माणसं जोतं आणखी उंच करतात, मग स्कूटर आत घ्यायला दारापुढे सिमेंटचा उतार येतो. चाक घसरू नये म्हणून त्यावर आडव्या रेघा. पायथ्याशी सकाळी घातलेला कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी.

पोरांना हा उतार म्हणजे आयता रॅम्प. तिरकं चढायचं, वर क्षणभर थबकायचं, मागच्या चाकावर गर्रकन वळून खाली यायचं. खाली येताना कोलम आडवा येतो. ‘‘तंबी, कोलम!’’ दारातून अक्का ओरडतात; तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या ओरडण्यानेच पोरांना कोलमवरून उडी मारायला शिकवलं. हिला बनी हॉप म्हणतात. अंग मागे टाकून हँडल कमरेकडे ओढायचं, पुढचं चाक उचललं की उभं राहायचं, मग हँडल पुढे ढकलत पावलांनी पेडल मागच्या बाजूला खरवडत मागचं चाक वर घ्यायचं. लिहायला चार ओळी लागतात, घडायला डोळ्याची पापणीही लवत नाही. रांगोळीची पांढरी टिंबं जागच्या जागी राहतात.

हे पापणी लवण्याआधीचं पकडायचं कसं, यात या मंडळींची अर्धी कला आहे. ‘‘फोन उलटा धर,’’ एकजण सांगतो. फोन उलटा धरला की कॅमेऱ्याचं भिंग खाली येतं, जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर. तिथून पाहिलं की घोट्याएवढी पायरी गुडघ्याएवढी दिसते, चाक आभाळातून उतरतं. जगभरच्या पोरांनी हा धडा आधी सोनीच्या व्हीएक्स 1000वर गिरवला. 1995 साली आलेल्या त्या कॅमेऱ्याला वर मूठ होती आणि पुढे फिशआय भिंग बसवता येई. ते भिंग सारं काही दूर लोटतं, म्हणून चित्रीकरण करणाऱ्याला स्वाराच्या हातभर अंतरात घुसावंच लागतं. त्याच वेगात, त्याच खड्ड्यांतून, एका हातात कॅमेरा घेऊन. स्वार पडला तर तोही पडणार.

म्हणूनच कॅमेरा धरणाऱ्याला मी प्रेक्षक मानत नाही. स्पाइक जोन्झ हा दिग्दर्शक तरुणपणी बीएमएक्सच्या मासिकासाठी फोटो काढायचा; नजर तिथेच तयार झाली असणार, असं मला मनापासून वाटतं. 2009 साली डॅनी मॅकअ‍ॅस्किलच्या एडिंबरातल्या फिल्मने जगाला वेड लावलं. त्याची सायकल बीएमएक्स नव्हती, ट्रायल्सची होती, पण खेळ रस्त्याचाच. ती टिपणाऱ्या डेव्ह सोवर्बीचं नाव किती जणांना ठाऊक आहे? अणकुचीदार कुंपणाच्या कडेवरून सायकल जाते, ते आपल्याला दिसतं कारण योग्य जागी उभं राहायचं त्याला कळलं होतं.

आपल्या गावांत पूर्वी सायकलवाला यायचा. मैदानात दिवसरात्र गोल फिरत राहायचा, सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा. बघे टाळ्या वाजवून, नोट त्याच्या सदऱ्याला टाचून घरी जायचे. त्याच्या त्या फेऱ्यांचं आज बघायला काहीच उरलेलं नाही, याची मला फार हळहळ वाटते. त्याच्यापाशी कॅमेरा धरणारा असा मित्र नव्हता.

ओरगडमच्या पोरांपाशी आहे. तिघांत सायकल एक, धड कॅमेऱ्याचा फोन एक. आवाज वेगळा घालत नाहीत. टायर आपटल्याचा, साखळीचा, अक्कांचा, सगळा खरा ठेवतात. पडलेलंही कापत नाहीत. एकदा क्लिप जमली की तिघं डोकी जोडून ती बघतात, आणि ज्याने आत्ता चित्रण केलं तो हात पुढे करतो: फोन तू धर, आता सायकल माझी.